जुलैची यादी, सालवार

यंदा जुलैच्या वाचनासाठी लेखक बघायचा नाही, साल बघायचं असं ठरवलं आहे. 1959 ते 1963 या पाच वर्षांत छापून आलेल्या कादंबऱ्या, तेवढ्याच. मराठी कादंबरी आपण एरवी कप्पे करून वाचतो. ऐतिहासिक एका फळीवर, ग्रामीण दुसऱ्या, प्रादेशिक तिसऱ्या, आणि 'साठोत्तरी' म्हटलं की जरा आवाज खाली आणून चौथ्या. वाचनालयातली कपाटं तशीच, एम. ए.चे पेपर तसेच, चर्चासत्रंही तशीच. त्यामुळे एकाच वर्षी दुकानात आलेली पुस्तकं पुढे साठ वर्षं एकमेकांना भेटत नाहीत. ती एका महिन्यात एकामागून एक वाचली तर काय होतं, ते बघायचं आहे.

*

कच्चा खर्डा: 'ययाति' आणि 'फकिरा' (दोन्ही 1959), 'धग' (1960), 'स्वामी', 'रथचक्र', 'रात्र काळी, घागर काळी' (तिन्ही 1962), 'कोसला', 'चक्र', 'माणूस' (तिन्ही 1963). नऊ झाल्या. महिन्याला नऊ कादंबऱ्या वाचणारी माणसं असतात, मी त्यातली नाही. पाच धरायच्या, सहावी पदरात पडली तर पडली.

नावं ओळीने लिहिली तरी गंमत वाटते. खांडेकर, अण्णा भाऊ, उद्धव शेळके, रणजित देसाई, पेंडसे, खानोलकर, नेमाडे, दळवी, मनोहर तल्हार. या मंडळींना एका व्यासपीठावर बसवलं असतं तर आभार मानायच्या आत निम्मे उठून गेले असते.

*

'स्वामी' लग्नात आहेर म्हणून द्यायची आणि 'कोसला' मित्राकडून उसनी आणून परत करायची नाही, असा आपल्याकडचा रिवाज. म्हणून यांचे वाचक वेगवेगळे असं आपण धरून चालतो. पण दोन्ही शेजारी ठेवल्या की एक गोष्ट डोळ्यांत भरते. दोन्ही पुण्याच्या आहेत, आणि दोन्ही पोरसवदा माणसांच्या आहेत.

माधवराव सोळाव्या वर्षी पेशवा झाला. पानिपत होऊन गेलेलं, तिजोरी रिकामी, निजाम आणि हैदर टपलेले, घरात काका राघोबादादा. 1772 च्या नोव्हेंबरात थेऊरला क्षयाने गेला तेव्हा त्याला 28 पुरी नव्हती. पांडुरंग सांगवीकर आपली कहाणी सांगायला बसतो तो पंचविशीचा. खानदेशातल्या गावाहून पुण्याला शिकायला आलेला. होस्टेल, मेस, गॅदरिंग, सगळीकडे उत्साहाने हात घालतो आणि सगळीकडे पोळून घेतो. एकाने अकरा वर्षांत दौलत सावरली, दुसऱ्याला होस्टेलची मेस सावरता आली नाही.

1962 साली मराठी वाचकाला पहिला तरुण हवा होता आणि 1963 साली दुसरा, असं म्हणून मोकळं होता येतं. समीक्षेत म्हणतातही तसं, जरा सजवून. पण वर्षभरात वाचक बदलत नाहीत. ज्या घरात रमाबाईंसाठी डोळे पुसले गेले, त्याच घरातल्या धाकट्याने 'कोसला' उशाखाली ठेवली असणार. कदाचित डोळे पुसणाऱ्यानेच.

शिवाय दोन्हींत वडीलधाऱ्यांशी भांडण आहे. एकात काका, दुसऱ्यात बाप. माधवराव काकांना नजरकैदेत टाकतो पण आदराचा शब्द सोडत नाही. पांडुरंग बापाच्या पैशांवर जगतो आणि आदराचा एक शब्द खर्चत नाही. तेव्हा क्रम पक्का: 'स्वामी' संपली की मध्ये दुसरं काहीही न घेता 'कोसला'. शनिवारवाड्यातून थेट होस्टेलच्या खोलीत.

*

ऐतिहासिक कादंबरी महिन्यात एकच. दोन घेतल्या की माणूस घरात "आम्ही" म्हणून बोलू लागतो.

*

वाचनालयातल्या प्रती बघून आले. 'स्वामी'ची शिवण उसवून पुन्हा बांधलेली. मागच्या पानावर तारखांची चिठ्ठी शिक्क्यांनी भरली म्हणून तिच्यावर दुसरी डकवलेली, तीही भरत आलेली. समासात एका वाचकाने बारीक पेन्सिलीने लढायांच्या तारखा दुरुस्त केल्या आहेत. त्याखाली दुसऱ्या अक्षरात, निळ्या शाईत: "काका, कादंबरी आहे ही." पुढच्या दुरुस्तीखाली पहिल्याचं उत्तर: "म्हणून काय झाले?" हा वाद बऱ्याच पानांवर चालला आहे आणि मध्येच बंद पडतो. एकाने पुस्तक परत केलं असावं.

'रथचक्र'च्या चिठ्ठीवर शेवटचा शिक्का 2011 चा. पानं पिवळी, पण कोपरे शाबूत. फारशी हाताळलेलीच नाही. टेबलावर नेऊन ठेवली तर बाई म्हणाल्या, "रथचक्र? प्रोजेक्टला लागतेय का मुलांच्या?"

"नाही हो. मलाच वाचायची आहे."

त्यांनी माझ्याकडे जरा काळजीने पाहिलं आणि शिक्का मारला.

'धग' जागेवर नव्हती. कोणीतरी नेली आहे म्हणजे वाचली जाते, हा आनंद. आणि मला मिळाली नाही, ही चरफड. मागणीच्या वहीत नाव लिहून आले.

*

'ययाति' आणि 'कोसला' यांचे प्रकाशक एकच, पुण्याचे रा. ज. देशमुख. ही माहिती मला कोणत्याही वाङ्मयेतिहासापेक्षा मोलाची वाटते. नेमाड्यांनी पुढे खांडेकरी-फडकी वळणाच्या कादंबरीवर किती कोरडे ओढले ते सगळ्यांना ठाऊक आहे. पण ज्या दुकानाने 1959 साली 'ययाति' आणली, त्याच दुकानाने चार वर्षांनी पंचविशीतल्या एका नवख्या लेखकाची ही तिरपागडी कादंबरी आणली. देशमुखांना यात काही विसंगती वाटली नसावी. चांगलं हस्तलिखित हाती आलं, छापलं.

तसंच 'फकिरा'चं. अर्पणपत्रिका डॉ. आंबेडकरांच्या लेखणीला आणि प्रस्तावना वि. स. खांडेकरांची. तमाशाच्या फडातून आणि कम्युनिस्ट चळवळीतून आलेला शाहीर, ज्याची शाळा दीड दिवसांची सांगतात, आणि कोल्हापूरचे खांडेकर, ज्यांची 'ययाति' त्याच साली आलेली. कप्पे आपण मागाहून केले. तेव्हा ही माणसं एकमेकांची पुस्तकं वाचत होती, प्रस्तावना लिहीत होती.

*

पुरस्कारांवरून यादी केली असती तर या नवातल्या तीनच हाती लागल्या असत्या. साहित्य अकादमी 'ययाति'ला 1960 साली, 'रथचक्र'ला 1963 साली, 'स्वामी'ला 1964 साली. 'फकिरा'ला राज्य शासनाचा होता, अकादमीचा नाही. 'धग'ला नाही, 'चक्र'ला नाही, 'कोसला'ला नाही. नेमाड्यांना अकादमी मिळाली ती 1990 ची, आणि तीही 'टीकास्वयंवर'ला, म्हणजे समीक्षेला.

पुरस्कार चुकीच्या पुस्तकांना मिळाले असं माझं म्हणणं नाही. 'रथचक्र'ला मिळाला तो बरोबरच होता. पण अकादमीचा पुरस्कार असून तिच्या चिठ्ठीवर शेवटचा शिक्का 2011 चा, आणि अकादमी न मिळालेल्या 'धग'साठी नंबर लावावा लागतो.

*

भाची रविवारी येऊन यादी वाचून गेली.

"मावशी, यातली एक तरी तुझ्या जन्मानंतरची आहे का?"

"सगळ्याच आधीच्या आहेत."

"मग? नंदा खरे वाच. 'रिंगाण' वाच. जिवंत माणसांचं वाच काहीतरी."

नंदा खरे 2022 मध्ये गेले हे तिला सांगितलं. ती म्हणाली, तू विषय बदलतेयस. मग 'उद्या'वर अर्धा तास बोलली, आणि चांगलं बोलली. घोषित झालेला अकादमी पुरस्कार ज्या लेखकाने नाकारला त्याची ती कादंबरी, हे तिला कादंबरीइतकंच महत्त्वाचं वाटतं. माझं म्हणणं, कादंबरी त्याच्याहून मोठी आहे. शेवटी तह झाला: तिने ऑगस्टपर्यंत 'कोसला' वाचायची, मी ऑगस्टमध्ये कृष्णात खोतांची 'रिंगाण' घ्यायची. तिचा पक्ष सोपा आहे. 'कोसला' हसवते तरी.

जाता जाता: "पावसाळ्यात 'तुंबाडचे खोत' वाचतात ना सगळे? तो हस्तरवाला?" हस्तर 2018 च्या सिनेमातला. कादंबरी पेंडशांची, 1987 ची, जगबुडी नदीच्या काठची, चार पिढ्यांची; सिनेमाशी तिचा गावाच्या नावापलीकडे संबंध नाही. आणि दोन खंड आहेत. ती घेतली की महिना तिचाच, बाकी यादी फाडून टाकायची. दिवाळीनंतर बघू.

*

आता खरी गोष्ट. ही सगळी सालवारी ज्यासाठी मांडली ती.

'धग', 'चक्र', 'रथचक्र'. तिन्हींच्या मध्यभागी एकेक आई आहे. 'धग'मधली कौतिक वऱ्हाडातली, 'चक्र'मधली अम्मा मुंबईच्या झोपडपट्टीतली, 'रथचक्र'मधली बाई कोकणातल्या एकत्र कुटुंबातली. तिघींच्याही घरातला पुरुष असून नसल्यासारखा. कौतिकचा महादेव घरात आहे, पण संसाराचं जू तिच्याच मानेवर. 'रथचक्र'मधला नवरा घर सोडून निघून गेलेला. अम्माच्या झोपडीत पुरुष येतात, राहतात, जातात. राहतो तो मुलगा, बेनवा.

या कादंबऱ्या एकमेकींची नक्कल नाहीत. शेळके, दळवी, पेंडसे यांनी ठरवून काही केलं नव्हतं. तरी चार वर्षांच्या आत मराठीत तीन वेगळ्या मुलखांतून तीन पुरुषांनी हीच बाई लिहिली. ती याआधी मराठीत नव्हती असं नाही. 'श्यामची आई' 1935 ची. पण श्यामची आई आपल्याला संस्कार देते. या तिघींना संस्कारांपर्यंत पोचायला सवडच नाही. त्या हिशोब करतात. कौतिकचा हिशोब मजुरीचा आणि उसनवारीचा: आज चूल पेटली, उद्याचं काय. अम्माचा हिशोब डोक्यावरच्या छपराचा, पाण्याचा, झोपड्या हटवायला कधी येतील त्या भीतीचा. 'रथचक्र'मधलीचा हिशोब अपमानांचा आहे. दिरा-जावांच्या घरात कोणी काय टाकून बोललं ते ती विसरत नाही आणि त्या अपमानांवर एकच उतारा धरून बसते: पोरं शिकली पाहिजेत. त्यासाठी घराबाहेर पडते.

तो उतारा त्या वेळी साऱ्या महाराष्ट्रानेच धरलेला होता. 1960 ला राज्य झालं. यशवंतराव चव्हाणांच्या सरकारने आर्थिक मागासांना फी माफी दिली ती याच सुमाराला; ई. बी. सी. म्हणून पुढे दोन पिढ्या त्या सवलतीवर शिकल्या. 1962 च्या मे महिन्यात जिल्हा परिषदा सुरू झाल्या आणि प्राथमिक शाळा त्यांच्याकडे आल्या. 'रथचक्र' त्याच सालची. पेंडशांनी सरकारी धोरणावर कादंबरी लिहिली असं कोणी म्हणणार नाही, आणि गोष्टही त्याच्या आधीच्या काळातली आहे. पण 1962 साली ती विकत घेऊन वाचणाऱ्या माणसाच्या घरात ती बाई होती. सासू असेल, आई असेल, नाहीतर तो स्वतःच तिचा शिकलेला मुलगा असेल.

आणि पुढच्याच वर्षी 'कोसला'. म्हणजे तो शिकायला गेलेला मुलगा. पुण्याला गेला, होस्टेलवर राहिला, नापास झाला, परत आला, आणि सगळ्या उठाठेवीला काही अर्थ नव्हता असं अडीच-तीनशे पानं सांगत बसला. पांडुरंग खात्यापित्या घरचा, त्याच्या फीसाठी कोणाला राबावं लागलं नव्हतं, हे मान्य. त्यामुळेच त्याला अर्थ नाही असं म्हणायची चैन परवडली, हेही खरं. तरी 'रथचक्र' मिटून 'कोसला' उघडली की त्या कोकणातल्या बाईला हाक मारून सांगावंसं वाटतं: अहो, पोराला पुण्याला धाडू नका!

बेनवाला हा प्रश्नच पडत नाही. त्याला शिकवायला वस्तीतला लुक्का आहे.

*

यातून एक पंचाईत झाली. 'कोसला'च्या आधी 'स्वामी' हवी, हे ठरलं होतं. आता 'कोसला'च्या आधी 'रथचक्र'ही हवी. एका पुस्तकाच्या लगेच आधी दोन पुस्तकं कशी येणार?

तोडगा: 'कोसला' पूर्वी वाचलेली आहे, तेव्हा ती फोडायची. 'स्वामी'नंतर तिची पुण्यातली पानं. मग ती उपडी ठेवून 'रथचक्र' सगळी. मग 'कोसला'ची गावाकडची पानं, धाकट्या बहिणीचं मरण आणि पुढचं. पहिल्यांदा वाचणाऱ्याने असं करू नये. भाचीला तर हे सांगायचंच नाही, ती अर्ध्यावर सोडायला निमित्तच शोधत असेल.

*

'धग' मोठ्याने वाचायची. संवाद वऱ्हाडी आहेत, आणि मी पश्चिम महाराष्ट्रातली. डोळ्यांनी वाचताना मी ते संवाद मनातल्या मनात पुणेरी करून घेते, असं मागच्या वाचनात लक्षात आलं. "काहून" डोळ्यांना दिसतं आणि डोक्यात "का" उमटतं. मोठ्याने म्हटलं की पळवाट राहत नाही. अकोल्याच्या शेजारीणबाईंना रोज दहा पानं वाचायला बसवायचं ठरवते आहे. त्या वाचतील, मी भाजी निवडेन. त्यांनी होकार दिला, अट एकच: रडायला आलं तर पुस्तक माझ्याकडे.

या नवांतली सर्वांत मोठी कादंबरी कोणती म्हणाल तर मी 'धग'चं नाव घेईन. 'कोसला'ने मराठी कादंबरीची भाषा बदलली, हे खरं. 'धग'ने काहीच बदललं नाही. तशी दुसरी लिहिणं कोणाला जमलंच नाही. शेळक्यांनाही.

*

सिनेमे. 'चक्र'वरचा सिनेमा 1981 चा, रवींद्र धर्मराज यांचा. स्मिता पाटीलला त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तो पाहिलेला असल्यामुळे अम्माचा चेहरा आता स्मिता पाटीलचाच येणार, इलाज नाही. दळवींची अम्मा कशी दिसते ते पहिल्या दहा पानांतच टिपून ठेवायचं, नंतर हरवतं.

दळवींचं आणखी एक. हाच माणूस पुढे 'ललित'मधून ठणठणपाळ होऊन साऱ्या साहित्यिकांची टोपी उडवत असे. 'चक्र' वाचताना हे विसरायला होतं. सदर आठवून कादंबरी वाचावी की कादंबरी आठवून सदर, हा प्रश्न कोणीतरी नीट हाताळायला हवा. मी नाही.

*

'ययाति' यादीतून काढली. ती वाचून झालेली आहे, आणि ज्ञानपीठामुळे ती घरोघर आहेच. तिला माझ्या जुलैची गरज नाही. खरं कारण वेगळं. देवयानी, शर्मिष्ठा, ययाति, कच, चौघेही एकाच सुरात बोलतात आणि तो सूर खांडेकरांचा आहे. तरुणपणी ती वाक्यं वहीत उतरवून घेतली होती. आता एकेक वाक्य संपलं की कोणीतरी टाळ्यांची वाट बघत थांबलंय असं वाटतं. खांडेकरांचा राग नाही. त्यांची 'फकिरा'ची प्रस्तावना मात्र पुन्हा वाचणार आहे.

*

यादीत एकही बाई नाही. तीन आया आहेत, तिन्ही पुरुषांनी लिहिलेल्या. हे वहीत लिहिताना हात थांबला नाही म्हणजे किती सवय झाली आहे बघा. त्या पाच वर्षांत बायका कादंबऱ्या लिहीत नव्हत्या असं मुळीच नाही. मासिकांत येत होत्या, फिरत्या वाचनालयांतून तर त्यांचाच खप होता. त्यांची जागा कप्प्यांतल्या कप्प्यात झाली: 'कौटुंबिक'.

तेव्हा सालाचा नियम मोडायचा आणि विभावरी शिरूरकरांची 'बळी' घ्यायची. ती 1950 ची. तारेच्या कुंपणातल्या वसाहतीतली माणसं, ज्यांना इंग्रजांच्या कायद्याने जन्मतःच गुन्हेगार ठरवलं. विभावरी म्हणजे मालतीबाई बेडेकर; त्या सोलापूरच्या अशा वसाहतीत स्वतः काम करत होत्या, त्यामुळे दुरून आलेला कळवळा त्या पुस्तकात नाही. तिथला कारभार कसा चालतो, साहेब काय म्हणतो, कुंपणाआड राहून माणसं काय शिकतात, हे आतून लिहिलेलं आहे. 'कळ्यांचे निःश्वास'मुळे ज्यांच्यावर 1933 साली गदारोळ झाला, त्याच या बाई.

नियम मोडायला निमित्तही चांगलं आहे. 'फकिरा'त मांगवाड्यातल्या माणसांना हजेरी लावतात. रोज उठून सरकारपुढे उभं राहायचं, आपण गावात आहोत हे दाखवायला. 'बळी'तलं कुंपण आणि 'फकिरा'तली हजेरी एकाच कायद्याची. तो कायदा 1952 साली रद्द झाला. 'बळी' तो रद्द होण्याच्या दोन वर्षं आधीची, 'फकिरा' सात वर्षं नंतरची. दोन्ही सलग वाचायच्या, आधी 'बळी'. कुंपणाच्या आत काय असतं ते कळल्यावर फकिराचं बंड निव्वळ शौर्यकथा राहत नाही. एरवी पोरं ती तशीच वाचतात. मीही शाळेत तशीच वाचली, घोड्यावरून.

18 जुलैला अण्णा भाऊंचा स्मृतिदिन. त्या आठवड्यात 'फकिरा' हाती असली पाहिजे असं नाही, पण असेल तर बरं. 1 ऑगस्टच्या जयंतीला मिरवणुकीच्या लाऊडस्पीकरपुढे एक ओळ वाचून होत नाही.

*

वेळेचं गणित. 'चक्र' गाडीत: प्रकरणं आखूड, स्टेशन आलं की मिटता येते, आणि खिडकीतून रुळांकडेची वस्ती दिसत असते. 'स्वामी' रात्री. 'रथचक्र' रात्री अजिबात नाही, झोप जाते. 'बळी' आणि 'फकिरा' शनिवार-रविवार. आषाढीला पाहुणे असतात, त्या दोन दिवसांत काही धरायचं नाही. दिवे गेले तर मोबाईलवर वाचायचं नाही, डोळ्यांच्या डॉक्टरांनी तंबी दिली आहे. गप्प बसायचं किंवा शेजारी 'धग' ऐकायला जायचं.

*

'माणूस' कुठे मिळेना. सायकलरिक्षा ओढणाऱ्याची कादंबरी, 1963 ची, विदर्भातली. 'कोसला' ज्या साली आली त्या साली हीही आली, आणि 'साठोत्तरी' म्हणताना हिचं नाव दहातले नऊ जण घेत नाहीत. जुन्या पुस्तकांच्या दुकानात सांगून ठेवली. दुकानदार म्हणाला, "ताई, 'माणूस' म्हणजे साप्ताहिक ना? जुने अंक आहेत, देऊ?" नको म्हटलं. मग त्याने विचारलं, "कुणाची?" नाव सांगितलं. त्याने मोबाईलमध्ये तल्हार हे आडनाव तीनदा चुकीचं टाईप केलं, चौथ्यांदा मला लिहून मागितलं.

आली तर 'चक्र'च्या मागे लावायची. झोपडपट्टीतल्या अम्मानंतर रिक्षावाला, म्हणजे 1963 सालातली दोन शहरं, एक मुंबई आणि एक तिकडची. नाही आली तर ती जागा रिकामी ठेवायची, 'बनगरवाडी'ने भरायची नाही. 'बनगरवाडी' भरतीला वापरण्यासारखी कादंबरी नाही, आणि तशीही 1955 ची आहे.

*

'रात्र काळी, घागर काळी' ऑगस्टवर. खानोलकर या मंडळींत बसत नाहीत. त्यांच्या माणसांवर ई. बी. सी.चा काही परिणाम होत नाही. ऑगस्टमध्ये 'कोंडुरा'बरोबर घ्यायची. त्यांच्यामध्ये 'रिंगाण' बसते का ते भाचीला विचारून.

पक्की यादी, तूर्त: 'धग' (मिळेल तेव्हा, रोज थोडी), 'चक्र', 'स्वामी', 'कोसला' अर्धी, 'रथचक्र', 'कोसला' उरलेली, 'बळी', 'फकिरा'. पाच धरल्या होत्या, सात झाल्या. 'स्वामी' आधी वाचलेली आहे, तिथे भराभर पानं उलटता येतील; शिवाय तारखा दुरुस्त करणारे काका पुढे कुठवर पोचले तेही बघायचं आहे.